दिवस गेले आहेत, पण गर्भ रुजला कुठे?

पाळी चुकली, औषधांच्या दुकानातून चाचणीची पट्टी आणली किंवा आशाताईंनी दिलेल्या ‘निश्चय’ किटवर लघवीचे थेंब टाकले आणि दोन रेघा उमटल्या, की ‘दिवस गेले’ हे घरापुरते पक्के होते. त्या दोन रेघा प्रत्यक्षात एवढेच सांगतात, की गर्भ रुजू लागल्यावर तयार होणारे एचसीजी नावाचे संप्रेरक शरीरात आहे. गर्भ कुठे रुजला आहे, हे त्या पट्टीला कळत नाही. शंभर गर्भधारणांपैकी एक किंवा दोन वेळा तो गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजतो आणि अशा गर्भांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत असतात. डॉक्टर याला ‘एक्टोपिक’ म्हणतात आणि रुग्णाला सांगताना बहुधा ‘गर्भ ट्यूबमध्ये राहिला आहे’ असे सांगतात. इथे आपण त्याला नळीतील गर्भ म्हणू.

हा आजार वेळेत ओळखला गेला तर एखाद्या इंजेक्शनवर किंवा छोट्या शस्त्रक्रियेवर निभावतो. उशीर झाला तर तोच पोटात लिटर-दीड लिटर रक्तस्राव घडवून धडधाकट स्त्रीचा काही तासांत जीव घेऊ शकतो. दोन टोकांमधला हा फरक बहुतेक वेळा एकाच गोष्टीने पडतो: गर्भ कुठे आहे, हा प्रश्न कोणी आणि केव्हा विचारला.

नळीत काय घडते

स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची भेट गर्भाशयात होत नाही, ती गर्भनलिकेच्या बाहेरच्या, थोड्या रुंद भागात होते, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. म्हणजे प्रत्येक गर्भ सुरुवातीचे तीन-चार दिवस नळीतच असतो. नळीच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. त्यांची लयबद्ध हालचाल आणि नळीच्या स्नायूंचे हलके आकुंचन यांच्या बळावर फलित बीज गर्भाशयाकडे सरकत जाते आणि साधारण सहाव्या-सातव्या दिवशी तिथल्या मऊ, रक्ताने समृद्ध अस्तरात रुजते. नळीची लांबी जेमतेम १० सेंटिमीटर असते, आणि गर्भाशयाजवळ तिची पोकळी एक-दोन मिलिमीटरपर्यंत निमुळती होते. या वाटेत कुठे व्रण असेल, अस्तरावरचे तंतू झिजलेले असतील किंवा नळी बाहेरून आतड्याला चिकटून मुरडली असेल, तर गर्भ मध्येच अडकतो आणि रुजण्याची त्याची वेळ झाली की आहे त्या जागी मुळे रोवतो. सुमारे सत्तर टक्के वेळा ही जागा नळीचा तोच रुंद भाग असतो.

गर्भाशयाची भिंत जाड आणि ताणली जाणारी असते. नळीची भिंत पातळ असते. गर्भाची मुळे ती भिंत कुरतडत रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. मग कधी गर्भ नळीच्या मोकळ्या टोकातून पोटात गळून पडतो, कधी आपोआप मरतो आणि विरून जातो, तर कधी नळी फुटते. अरुंद भागातला गर्भ सहा ते आठ आठवड्यांतच नळी फोडू शकतो, रुंद भागातला थोडा अधिक काळ टिकतो, आणि नळी जिथे गर्भाशयाच्या स्नायूतून जाते त्या भागात रुजलेला गर्भ बारा-चौदा आठवड्यांपर्यंत काही पत्ता लागू न देता वाढून मग फार मोठा रक्तस्राव घडवतो. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात.

गर्भ नळीखेरीज अंडाशयात, गर्भाशयाच्या मुखात, क्वचित पोटाच्या पोकळीत आणि पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणातही रुजू शकतो. सिझेरियनचे प्रमाण वाढत गेल्यामुळे या शेवटच्या प्रकाराकडे आता विशेष लक्ष द्यावे लागते. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीने पुढच्या वेळी दिवस राहताच लवकर सोनोग्राफी करून घ्यावी, असे सांगण्यामागे हेही एक कारण आहे. त्या प्रकाराचे उपचार बरेच वेगळे असल्याने इथे त्याचा विस्तार करत नाही.

‘तो गर्भ नळीतून उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक जोडपे विचारते, आणि त्याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. एकदा रुजलेला गर्भ त्याच्या रक्तपुरवठ्यापासून तोडून दुसरीकडे पुन्हा रुजवण्याची कोणतीही पद्धत वैद्यकशास्त्राकडे नाही. नळीतला गर्भ पूर्ण दिवसांपर्यंत वाढू शकत नाही. उपचार करण्याचा निर्णय घेताना आपण वाचू शकणारे बाळ सोडून दिले, ही बोच स्त्रीच्या मनात राहू नये म्हणून डॉक्टरांनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. घाईगर्दीत ती बऱ्याचदा सांगायची राहून जाते.

कोणाला धोका अधिक, आणि कोणावर संशयच जात नाही

आधी एकदा नळीत गर्भ राहिलेल्या स्त्रीला तो पुन्हा राहण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास असते. नळीवर झालेली शस्त्रक्रिया, क्लॅमिडिया किंवा गोनोरियासारख्या लैंगिक संसर्गामुळे ओटीपोटात आलेली सूज, आपल्याकडे अजूनही आढळणारा जननेंद्रियांचा क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे), वंध्यत्व आणि त्यासाठी घेतलेले टेस्ट ट्यूब बेबीसारखे उपचार, पस्तिशीपुढचे वय आणि धूम्रपान ही इतर कारणे आहेत. यांपैकी संसर्ग फार फसवा असतो. क्लॅमिडियाचा त्रास पुष्कळ स्त्रियांना जाणवतही नाही. अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटातली ठसठस अंगावर काढली जाते आणि त्याचा व्रण काही वर्षांनी नळीतल्या गर्भाच्या रूपाने समोर येतो. तरीही ही यादी हाताशी धरून कोणी निर्धास्त होऊ नये, कारण नळीत गर्भ राहिलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये यातले एकही कारण सापडत नाही.

यादीपेक्षा मला महत्त्वाच्या वाटतात त्या अशा स्त्रिया, ज्यांना दिवस गेले असतील असा विचारच कोणाच्या मनात येत नाही. पहिली म्हणजे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेली. महाराष्ट्रात गर्भनिरोधनाची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत स्त्री-नसबंदी हीच आहे आणि ती अत्यंत खात्रीची आहे, पण शंभर टक्के नाही. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक नसबंदी झालेल्या स्त्रियांची अनेक वर्षे नोंद ठेवणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात १४३ गर्भधारणा आढळल्या आणि त्यांतल्या ४७, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, गर्भाशयाबाहेरच्या होत्या. त्यांतल्या काही तर शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी राहिलेल्या होत्या. याचा अर्थ नसबंदी धोकादायक आहे असा मुळीच नाही. नसबंदीमुळे गर्भधारणाच इतकी दुर्मिळ होते, की एकंदर धोका कमीच होतो. अर्थ एवढाच, की ‘माझं ऑपरेशन झालंय’ हे वाक्य ऐकून डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी गर्भधारणेचा विचार डोक्यातून काढून टाकू नये. तांबीचेही असेच आहे. तांबी बसवलेली असताना दिवस राहणे फार विरळा, पण राहिलेच तर तो गर्भ नळीत असण्याची शक्यता इतर कोणत्याही गर्भधारणेपेक्षा बरीच जास्त असते.

दुसरा प्रकार अधिक चिंतेचा वाटतो. पाळी चुकल्यावर तपासणी न करता, मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरीच घेतल्या जातात. या गोळ्या गर्भाशयाला आकुंचित करतात; नळीतला गर्भ त्यांनी जात नाही. रक्तस्राव मात्र होतो, कारण गर्भ नळीत असला तरी संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड झालेले असते आणि ते गळून पडते. कधी तर हे अस्तर गर्भाशयाच्या आकाराच्या अखंड मांसल तुकड्यासारखे बाहेर येते आणि ‘पडलं एकदाचं’ असे समजून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. पुढे आठ-दहा दिवसांनी पोट दुखू लागले, की गोळ्यांचाच परिणाम म्हणून वेदनाशामक घेतले जाते, आणि नळी मात्र आतून ताणतच असते. गोळ्या घेण्याआधी गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री डॉक्टरांनी करून घ्यायची असते, ती याच कारणाने. क्युरेटिंग केल्यानंतर बाहेर आलेल्या भागात गर्भाचे झुबके दिसले नाहीत, तर चांगला स्त्रीरोगतज्ज्ञ तिथेच थबकतो आणि नळीचा विचार करतो, तेही यासाठीच.

शरीर काय सांगते

पाळी लांबणे, ओटीपोटात बहुधा एका बाजूला दुखणे आणि अंगावर थोडे, अनेकदा काळपट-तपकिरी डाग जाणे, हे तीन संकेत एकत्र आले तर पुस्तकी चित्र पूर्ण होते. प्रत्यक्षात ते क्वचितच इतके नीटनेटके असते. हे डाग नेमके पाळीच्या तारखेच्या आसपास दिसले तर स्त्रीला पाळी आल्यासारखेच वाटते, फक्त ‘या वेळी जरा कमी आणि वेगळी’; म्हणून डॉक्टरांनी ‘पाळी कधी आली’ याच्या जोडीला ‘ती नेहमीसारखी होती का’ हेही विचारायला हवे. पोटात दुखले की आपल्याकडे आधी वात धरतो, मग ॲसिडिटी होते, मग ओवा आणि गरम पाणी होते, आणि ज्या वेदनेने रात्री झोपू दिले नाही तिच्यासाठी डॉक्टर सकाळी गाठले जातात.

नळी गळू लागली किंवा फुटली, की लक्षणे बदलतात आणि ती ओळखता आली पाहिजेत. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) लागले, की दुखते ते खांद्याच्या टोकाला, विशेषतः आडवे झाल्यावर. श्वासपटलाच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या एकाच मज्जामुळांकडे जातात, त्यामुळे मेंदूला जागेचा पत्ता चुकीचा लागतो. पाळी चुकलेल्या स्त्रीचा खांदा काहीही जड न उचलता दुखत असेल, तर तो चोळत बसण्याचा विषय नाही. रक्त गर्भाशयामागे, गुदाशयाच्या पुढच्या खोलगट जागेत साचले तर सारखी संडासला लागल्याची भावना होते. स्त्री संडासात जाते आणि तिथेच भोवळ येऊन पडते. घाम, डोळ्यांपुढे अंधारी, जलद नाडी, पांढरा फटक चेहरा ही पुढची पायरी.

तरुण शरीर रक्तस्राव बराच वेळ सहन करते, आणि त्यातून दोन गैरसमज होतात. रक्तदाब शेवटपर्यंत ठीक दिसतो आणि मग एकदम कोसळतो; आणि ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिनचा आकडा लगेच उतरत नाही, कारण पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरच निघून गेलेले असतात. ‘हिमोग्लोबिन अकरा आहे, घाबरू नका’ हे आश्वासन अशा वेळी पोकळ ठरू शकते. अंगावरून जाणाऱ्या रक्तावरून अंदाज बांधणेही चूक, कारण खरा रक्तस्राव आत होत असतो. अशा अवस्थेत गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून, जिथे शस्त्रक्रिया आणि रक्त या दोन्हींची सोय आहे अशा रुग्णालयात थेट न्यावे. निघताना तोंडाने काही खायला-प्यायला देऊ नये आणि शक्य असेल तर रक्त देऊ शकतील असे, रक्तगट माहीत असलेले दोघे-तिघे सोबत घ्यावेत.

अठ्ठेचाळीस तासांचे गणित

फुटलेल्या नळीचे निदान तुलनेने सोपे असते. कठीण असते ते आधीचे, जेव्हा स्त्री ठणठणीत आहे, पट्टीवर दोन रेघा आहेत आणि सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. इथे दोन साधने जोडीने वापरावी लागतात.

पहिले साधन म्हणजे योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा तिच्यात सुरुवातीच्या दिवसांत कितीतरी अधिक स्पष्ट दिसते. संकोचामुळे अनेक स्त्रिया तिला नकार देतात आणि काही ठिकाणी तो संकोच गृहीत धरून विचारलेही जात नाही. दोन्हींत नुकसान स्त्रीचेच होते. साधारण पाच आठवड्यांना गर्भाशयात गर्भाची पिशवी आणि साडेपाचच्या सुमारास तिच्या आत पीतक-पिशवी (‘योक सॅक’, सुरुवातीच्या गर्भाला पोसणारी छोटी पिशवी) दिसली, की गर्भ जागेवर असल्याचे कळते. नुसती पाण्याची छोटी पोकळी दिसणे पुरेसे नाही, कारण गर्भ नळीत असतानाही गर्भाशयात थोडा द्रव साचून पिशवीचा आभास होऊ शकतो. सोनोग्राफीच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्म एफबद्दलही काही घरांत भीती असते. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्याखालच्या त्या फॉर्ममध्ये गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर हे पाहणे, हे सोनोग्राफीच्या मान्य कारणांच्या यादीत अगदी वरच छापलेले आहे.

दुसरे साधन म्हणजे रक्तातील बीटा एचसीजीची पातळी, आणि ती एकदा मोजून फारसे काही कळत नाही. ती ४८ तासांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा मोजायची असते. समजा सोमवारी ती ६०० आली. गर्भाशयातला निरोगी गर्भ असेल तर बुधवारी ती निदान ९०० च्या घरात जायला हवी. ‘दोन दिवसांत दुप्पट’ हा जुना नियम आता इतका काटेकोर मानला जात नाही. सुरुवातीची पातळी १,५०० पेक्षा कमी असेल तर सुमारे ४९ टक्के वाढ ही किमान अपेक्षा धरतात, आणि मुळातली पातळी जास्त असेल तर त्याहून कमी वाढही चालते. बुधवारी आकडा ३०० वर आला तर गर्भ वाढत नाही आणि बहुधा आपोआप संपत आहे. पण तो ६८० वर रेंगाळला, ना धड वाढला ना धड उतरला, तर नळीचा संशय बळावतो. आकडा ३,५०० च्या पुढे गेला आणि तरी आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामेच असेल, तरीही तोच संशय.

या मधल्या अवस्थेला ‘ठाव न लागलेली गर्भधारणा’ म्हणता येईल. ती रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत वैतागाची असते, कारण डॉक्टर ठाम काही सांगत नाहीत, पुन्हा पुन्हा रक्त काढायला बोलावतात आणि प्रत्येक वेळी पैसे जातात. या वाटेवर दोन बाजूंना दोन चुका असतात: घाई करून इंजेक्शन दिले तर गर्भाशयात नुकत्याच रुजलेल्या, हव्या असलेल्या गर्भाला इजा होऊ शकते, आणि थांबून लक्षच दिले नाही तर नळी फुटू शकते. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ते दोन दिवस थांबणे हाही निदानाचाच भाग असतो. फक्त त्या दोन दिवसांत तिने एकटे राहू नये आणि रुग्णालयापासून दूर, माहेरी किंवा लग्नकार्याला, प्रवास करू नये.

उपचाराच्या तीन वाटा

नळीतला गर्भ आपोआप विरत असेल, एचसीजी मुळात कमी आणि उतरते असेल, दुखत नसेल आणि स्त्री वेळच्या वेळी तपासणीला येणार असेल, तर काही न करता लक्ष ठेवणे ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. ती थोड्याच स्त्रियांना लागू पडते.

दुसरी वाट मेथोट्रेक्सेट या औषधाची. पेशींना विभाजनासाठी फॉलिक ॲसिड लागते. हे औषध नेमकी तीच वाट अडवते, म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या गर्भपेशी थांबतात. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले जीवरसायनतज्ज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या गटाने १९४० च्या दशकात फॉलिक ॲसिडवर आणि त्याला अटकाव करणाऱ्या रसायनांवर जे काम केले, त्यातून हे औषध पुढे आले. आधी ते कर्करोगासाठी वापरले गेले आणि नळीतल्या गर्भासाठी त्याचा पहिला वापर १९८२ साली जपानमधून नोंदवला गेला. आजही संधिवातासाठी ते कमी मात्रेत दिले जाते. त्यामुळे ‘मला कॅन्सरचं इंजेक्शन का दिलं?’ असा धक्का कोणाला बसला, तर त्याचा खुलासा एवढाच की औषध तेच असले तरी इथली मात्रा आणि हेतू वेगळे आहेत.

हे इंजेक्शन सर्वांना चालत नाही. नळी फुटलेली नसावी, प्रकृती स्थिर असावी, यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी यांच्या तपासण्या ठीक असाव्यात आणि स्त्री अंगावर पाजत नसावी. एचसीजी ५,००० पेक्षा जास्त असेल, गाठ मोठी असेल किंवा नळीतल्या गर्भाचे ठोके दिसत असतील, तर यशाची शक्यता घटते. योग्य निवड झाली तर ७० ते ९५ टक्के स्त्रियांमध्ये शस्त्रक्रिया टळते. शरीराच्या क्षेत्रफळावरून मात्रा ठरवून ते स्नायूत देतात, मग चौथ्या आणि सातव्या दिवशी एचसीजी मोजतात. चौथ्या दिवशी आकडा थोडा वाढलेला दिसणे नेहमीचे आहे. चौथ्या आणि सातव्या दिवसांच्या दरम्यान तो किमान १५ टक्के उतरला पाहिजे, नाहीतर दुसरी मात्रा किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. त्यानंतर पातळी पार शून्याजवळ येईपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासावे लागते, आणि त्याला महिना-दीड महिनाही लागू शकतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मधेच तपासणी सोडणे धोक्याचे आहे, कारण आकडा उतरत असतानाही नळी फुटल्याची उदाहरणे आहेत.

या काळात पाळायच्या गोष्टींपैकी एक आपल्याकडे हमखास चुकते. दिवस राहिले म्हणून आशाताईंनी किंवा डॉक्टरांनी दिलेल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घरात असतात आणि ‘शक्तीच्या आहेत’ म्हणून सासूबाई त्या आठवणीने देत राहतात. त्या इंजेक्शनचा परिणाम कमी करतात, म्हणून लगेच बंद करायच्या असतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि दारू टाळायची, कडक उन्हात फिरायचे नाही, शरीरसंबंध आणि जड कामे थांबवायची. पावटे, वाल, छोले अशा वायू धरणाऱ्या पदार्थांपासून दूर राहायला सांगतात, याचे कारण पथ्याचे नसून निदानाचे आहे: गॅसचे दुखणे आणि नळीचे दुखणे यांत गोंधळ होऊ नये. इंजेक्शननंतर तीन ते सात दिवसांच्या आत पोटात थोडे दुखणे अपेक्षित असते, पण ते किती साधे आणि किती गंभीर हे स्त्रीने घरी ठरवू नये. वेदना वाढली किंवा भोवळ आली तर तडक रुग्णालयात जावे. पुढची गर्भधारणा निदान तीन महिने टाळायची असते.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची, आणि नळी फुटली असेल तर ती एकच वाट. १८८३ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथे लॉसन टेट या शल्यविशारदाने फुटलेली नळी बांधून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याआधी हा आजार म्हणजे बहुधा मृत्यूच होता. आज दुर्बिणीतून, पोटावर तीन छोट्या छिद्रांतून ती होते आणि स्त्री बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाते. रक्तदाब कोसळलेला असेल किंवा दुर्बिणीची सोय नसेल, तर पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया तितकीच योग्य असते, तिला कमी प्रतीची समजू नये. नळी वाचवायची की काढायची, यावर घरात मोठा वाद होतो. दुसरी नळी निरोगी असेल तर दोन्हींनंतर नैसर्गिक गर्भधारणेच्या प्रमाणात फारसा फरक नसल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत दिसले: नळी वाचवलेल्यांत सुमारे ६१ टक्के आणि काढलेल्यांत ५६ टक्के, तीन वर्षांच्या अवधीत. वाचवलेल्या नळीत गर्भपेशी शिल्लक राहण्याची शक्यता असल्यामुळे एचसीजीवर लक्ष ठेवावे लागते. दुसरी नळी आधीच खराब असेल तर मात्र आहे ती वाचवण्याला अर्थ असतो. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या स्त्रीने कोणत्याही उपचारानंतर अँटी-डी इंजेक्शनबद्दल आवर्जून विचारावे. घाईत ते राहून गेले तर त्याची किंमत पुढच्या बाळाला मोजावी लागू शकते.

नंतरचे दिवस

एक नळी काढल्यावर ‘आता दर दुसऱ्या महिन्यालाच संधी’ असा हिशेब लोक मांडतात. शरीर इतके काटेकोर नाही. डाव्या अंडाशयातून सुटलेले बीज उजवी नळी उचलून घेऊ शकते, आणि एका नळीवर कितीतरी स्त्रियांना पुढे सुखरूप बाळंतपण लाभते. शस्त्रक्रियेनंतर किती थांबायचे हे डॉक्टर जखम आणि रक्ताची पातळी पाहून सांगतात.

शरीर सावरण्याआधी घरातली बोलणी सुरू होतात. ‘बाळ नव्हतंच ते, नळीतली गाठ होती’ असे म्हणून सांत्वन केले जाते, तर कुणी जिना चढल्याचे, प्रवासाचे, पपईचे नाव घेते. यांपैकी कशानेही गर्भ नळीत रुजत नाही. तो कुठे रुजणार हे चाचणीच्या पट्टीवर रेघ उमटण्याच्याही आधीच ठरून गेलेले असते. गमावलेल्या गर्भाचे दुःख आणि आपण मरता मरता वाचलो याची भीती, या दोन्ही एकाच वेळी सोसणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाची विश्रांती मिळत नाही आणि आजारपणाचीही पुरेशी मिळत नाही. काही आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल तर तेही डॉक्टरांपुढे मांडण्याजोगे लक्षण आहे.

डिस्चार्जच्या कागदावर कोणत्या बाजूची नळी, काढली की वाचवली, दुसरी नळी कशी दिसली, शेवटची एचसीजी पातळी किती आणि अँटी-डी दिले का, एवढे लिहून घ्यावे, कारण पुढच्या वेळी डॉक्टर आणि गाव दोन्ही बदललेले असू शकतात. पुढच्या वेळी पाळी चुकली की चाचणी त्याच आठवड्यात करावी, आणि ती होकारार्थी आली तर नेहमीच्या पहिल्या सोनोग्राफीची वाट न पाहता पाचव्या-सहाव्या आठवड्यातच आतून सोनोग्राफी करून घ्यावी. तिथे पिशवीच्या आत पीतक-पिशवी गर्भाशयातच दिसली, की पेढे आणायला हरकत नाही.